भूभू, माऊ आणि खाडीतल्या निवट्या: लहानग्यांच्या आईबाबांचे नेहमीचे प्रश्न

मी ठाण्यात नौपाड्याला पाळणाघर चालवते. सहा महिन्यांपासून साडेतीन वर्षांपर्यंतची मुलं दिवसभर घरात असतात. संध्याकाळी त्यांना न्यायला आलेले आईबाबा, आजीआजोबा दारात चपला घालता घालता प्रश्न विचारतात. "मावशी, हा कालपासून बेडकासारखा उड्या मारतोय, कुठे बघितला बेडूक?" इथपासून ते "मांजरीने ओरखडलंय, आता काय?" इथपर्यंत. तेच तेच प्रश्न फिरून येतात, म्हणून एकदाचे लिहून काढले. मी डॉक्टर नाही. जिथे काम डॉक्टरांचं आहे, तिथे सरळ तसं लिहिलंय.

बाळ चार महिन्यांचं आहे. एवढ्या लवकर त्याला प्राण्यांचं काय कळणार?

काहीतरी हलतंय आणि आवाज करतंय, एवढं कळतं. या वयाला तेवढं खूप झालं. जन्मल्यावर पहिले काही आठवडे बाळाला साधारण २० ते ३० सेंटिमीटरवरचंच जरा स्पष्ट दिसतं, म्हणजे दूध पिताना आईचा चेहरा असतो तेवढ्या अंतरावरचं. त्यामुळे पाळण्यावर उंच टांगलेलं चिमणाळं पहिला महिनाभर आपल्याच हौसेचं. दोन-तीन महिन्यांनंतर हलत्या वस्तूमागे नजर फिरायला लागते, तेव्हा ते थोडं खाली घ्या. हाताला लागेल इतकं मात्र नको. बाळ बसायला लागलं की काढूनच ठेवा, नाहीतर त्यातली लाकडी चिमणी एक दिवस तोंडात सापडते.

खरं सांगायचं तर चिमणाळ्यापेक्षा स्वयंपाकघराची खिडकी बरी. आमच्या खिडकीत सकाळी कावळा येतो, पोळीचा तुकडा हवा असतो त्याला. बाळाला कडेवर घेऊन तिथे उभं राहायचं आणि बोलत राहायचं, "आला का काऊ? काय म्हणतोय?" कावळ्याने मान तिरकी करून एका डोळ्याने बघितलं की बाळाचं पाय झाडणं थांबतं, तोंड उघडं राहतं. शंभरदा पाहिलंय मी हे.

आम्ही घरात 'कुत्रा'च म्हणतो, 'भूभू' नाही. बोबडं शिकवू नये असं वाचलं होतं.

यावर माझं मत वेगळं आहे. भूभू, माऊ, हम्मा, काऊ, चिऊ हे बिघडलेले शब्द नाहीत. प्राण्याचा आवाज आणि त्याचं नाव एकाच घासात देणारे शब्द आहेत. 'भू' म्हणायला ओठ मिटून उघडले की झालं. 'कुत्रा'तलं जोडाक्षर अडीच-तीन वर्षांच्या मुलालाही जड जातं, 'कुत्ता', 'तुत्ला' असं काहीही होतं. बहुतेक मुलांचा पहिला शब्द वर्षाच्या आगेमागे येतो, आणि त्या सुरुवातीच्या मोजक्या शब्दांत प्राण्यांचे आवाज जगभरच्या भाषांमध्ये सापडतात. तेव्हा दोन्ही द्या. "तो बघ भूभू. कुत्रा भुंकतोय, भू भू!" दोन-अडीच वर्षांचं झालं की मूल आपणहून कुत्र्यावर येतं. कॉलेजात जाऊन कोणी भूभू म्हणत नाही.

उलट मला खंत वेगळीच वाटते. आपल्याकडे गाय हंबरते, घोडा खिंकाळतो, कोंबडा आरवतो, कबूतर घुमतं, वाघ डरकाळी फोडतो, चिमणी चिवचिवते. आणि हल्ली पालकांच्या तोंडी सगळे प्राणी 'आवाज करतात'. आमच्याकडच्या एका मुलीच्या आजोबांनी तिला तांबट ऐकवला. हिरवा, चिमणीहून थोडा मोठा, कपाळावर लाल टिळा असलेला पक्षी. तांब्याच्या भांड्यावर ठोके पडावेत तसा टुक् टुक् टुक् बोलत राहतो, म्हणून तांबट. दिसत क्वचित, ऐकू रोज येतो. ती मुलगी आता दोन वर्षांची आहे आणि दुपारी झोपवायला घेतलं की बोट वर करून सांगते, "टुक टुक काका काम करतोय."

गाय, शेळी, वाघाचं चित्र, सगळ्यांना भूभूच म्हणते. काही बिघडलंय का?

नाही. चौदा-पंधरा महिन्यांच्या मुलाने चार पाय आणि शेपूट यांचा मिळून एक वर्ग केलाय, हुशारीचंच काम आहे. "हं, हिलाही चार पाय आहेत. ही हम्मा," असं म्हणून पुढे जा. "नाही, चूक!" म्हणू नका.

घरात मराठी, शेजारी 'बिल्ली', पाळणाघरात कोणी 'डॉगी' म्हणतं. गोंधळ होईल का?

आमच्याकडच्या निम्म्या मुलांचं असंच आहे. गोंधळ होत नाही. कोणाशी कुठला शब्द वापरायचा हे ती आपल्याआधी ओळखतात.

सुरुवात कशाने करू? पुस्तकात सिंह, झेब्रा, जिराफ आहेत.

पुस्तक जरूर दाखवा, पण पहिला प्राणी असा निवडा, जो पान मिटल्यावर बाहेर जाऊन दाखवता येईल. मांजर, कावळा, खार, मुंगी, पाल. हो, पाल! ट्यूबलाइटजवळची पाल हा दीड वर्षाच्या मुलासाठी रोज रात्री फुकट मिळणारा खेळ आहे. ती थांबते, धावते, किडा मट्ट करते. फक्त आपण किंचाळायचं नाही. मूल पालीकडे बघायच्या आधी आपल्या चेहऱ्याकडे बघतं आणि घाबरायचं की हसायचं ते तिथून ठरवतं. साधारण नऊ-दहा महिन्यांपासून सगळीच बाळं असं करतात.

झेब्रा नंतरही कळेल. तो कुठे पळून जात नाही.

आमचा फ्लॅट बाराव्या मजल्यावर आहे. ठाण्यात आता प्राणी उरलेत तरी कुठे?

बाराव्या मजल्यावरून घार बघायची. गॅलरीच्या समोरून, कधी कधी आपल्याहून खालून, पंख न हलवता गोल गोल जाते. हे तळमजल्यावरच्या मुलांना मिळत नाही.

खाली उतरलात तर यादी बरीच मोठी आहे. तलावपाळी असो की उपवन तलाव, सकाळी लवकर गेलात तर बगळा दिसतो, काठीवर पंख सुकवत बसलेला पाणकावळा दिसतो, नशीब असेल तर निळाशार खंड्या. घोडबंदर रोडवर ओवळ्याला ओवळेकर वाडीत फुलपाखरांची बाग आहे. एका शेतकरी कुटुंबाने ती फुलवली. खाद्यझाडं लावली, फुलपाखरं आपणहून येतात. तिथे पावसाळा संपता संपता जा. आपलं राज्य फुलपाखरू नीलवंत, ज्याला ब्लू मॉर्मन म्हणतात, ते याच दिवसांत जास्त दिसतं. काळं मखमली, मागच्या पंखांवर निळी झाक. राज्याचं म्हणून फुलपाखरू ठरवणारं महाराष्ट्र हे देशातलं पहिलं राज्य, २०१५ साली. मुलाला हे सांगायची गरज नाही, आपल्याला सांगितलं.

येऊर सुंदर आहे, पण तो संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे आणि तिथे बिबटे राहतात. ते त्यांचं घर. उजेडात जा, अंधार पडायच्या आत परत या, मुलाला पुढे पळू देऊ नका. भीती घालायची नाही, हात धरायचा.

मला विचाराल तर ठाणे-नवी मुंबईची खरी गंमत खाडीत आहे. ओहोटीच्या वेळी ऐरोली, वाशी किंवा गायमुखच्या बाजूला खारफुटीच्या कडेला उभं राहून चिखलाकडे दोन मिनिटं नुसतं बघा. आधी काहीच दिसत नाही. मग चिखलाचाच एक तुकडा उडी मारतो. ती निवटी. मासा असून चिखलावर चालते, डोक्यावर बेडकासारखे डोळे, अंग ओलं असेपर्यंत कातडीतून श्वास घेते. तिच्या शेजारी बोटाच्या पेराएवढे खेकडे. त्यातल्या नराची एक नांगी भलीमोठी, ती तो सारखी वरखाली करत असतो, जणू कोणाला बोलावतोय. मुलं हमखास उलट हात हलवतात. माझ्या पाहण्यात पावणेदोन वर्षांचा एक मुलगा अर्धा तास खेकड्यांना टाटा करत बसला होता. निवट्यांची आमटी आवडीने खाणाऱ्या आगरी-कोळी घरांतल्या आज्यांना हे सांगितलं की त्या हसतात.

फ्लेमिंगो बघायला नेऊ का? वय दोन.

न्या, पण अपेक्षा बेताची ठेवा. ठाणे खाडीतलं फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ साली जाहीर झालं, २०२२ मध्ये ही जागा रामसर यादीत गेली, म्हणजे जागतिक महत्त्वाची पाणथळ जागा ठरली. साधारण नोव्हेंबर ते मे महिन्यांत हजारोंनी रोहित पक्षी इथे असतात. आपल्याला ते दिसतं हे खरं. दोन वर्षांच्या मुलाला लांबवर गुलाबी रेघ दिसते आणि त्याचं लक्ष जवळच्या कुत्र्याकडे जातं. दुर्बीण त्याच्या डोळ्यांना लागत नाही, तो ती चाटतो.

जवळून दाखवायचे असतील तर ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातून होडी सुटते. वेळ भरती-ओहोटीवर ठरते, त्यामुळे आधी चौकशी आणि बुकिंग करूनच निघा. ऊन कडक असतं, टोपी आणि पाणी लागतंच. नाहीतर सीवूड्स-नेरूळच्या बाजूच्या पाणथळींच्या काठावरून कधीकधी बऱ्यापैकी जवळ दिसतात.

"गुलाबी का?" हा प्रश्न मूल विचारत नाही, आजोबा विचारतात. पाण्यातल्या शेवाळात आणि बारीक जीवांमध्ये जी रंगद्रव्यं असतात, ती खाऊन. पिल्लं करडी असतात, गुलाबी व्हायला दोन-तीन वर्षं जातात. मुलाला तुम्ही एवढंच करून दाखवा: मान खाली, डोकं उलटं, चोच पाण्यात आणि एक पाय वर. घरी आल्यावर तो आठवडाभर बेसिनपाशी तसाच उभा राहील.

राणीच्या बागेतले पेंग्विन?

बुधवारी बाग बंद असते हे आधी लक्षात ठेवा, आमच्याकडच्या दोन घरांनी भायखळ्यापर्यंत हेलपाटा मारलाय. सकाळी उघडताच जा. सगळं दाखवायचा हट्ट नको. तीन प्राणी बघा आणि परत या. चौथ्या पिंजऱ्यापाशी मूल रडतं, पाचव्यापाशी आई.

सोसायटीतल्या कुत्र्यांना हात लावू द्यायचा का?

माझा पाळणाघरातला नियम: आधी डोळे, मग कान, हात सगळ्यांत शेवटी. अनोळखी कुत्र्याला तीन वर्षांच्या आतल्या मुलाने हात लावायचा नाही, कितीही गरीब दिसला तरी. लांबून "भूभू, कसा आहेस?" विचारायचं. ओळखीचा, लस दिलेला कुत्रा असेल, मालक शेजारी असेल, तर मालकाला विचारून. मुलाचा हात आपल्या हातात धरून, पाठीवर, केसांच्या दिशेने, अलगद. तोंडाजवळ तोंड न्यायचं नाही, गळ्यात पडायचं नाही.

कुत्रा खात असेल, झोपला असेल, पिल्लं जवळ असतील तर तीन हात लांब. शेपूट हलवतोय म्हणजे खूशच आहे असं नसतं. अंग ताठ झालंय, सारखे ओठ चाटतोय, तोंड फिरवतोय, डोळ्यांचा पांढरा भाग दिसतोय, तर तो सांगतोय की पुरे आता. मोठ्यांना हे वाचता आलं पाहिजे, कारण मुलाचं तोंड नेमकं कुत्र्याच्या तोंडाच्या उंचीला असतं आणि लहान मुलांना म्हणूनच चेहऱ्यावर, मानेवर चावे जास्त होतात.

चावलं, ओरखडलं किंवा चाटलं तर?

हे नीट वाचा, आणि घरातल्या सगळ्यांना वाचून दाखवा.

जखम लगेच साबण लावून वाहत्या नळाखाली धुवायची, पूर्ण १५ मिनिटं. घड्याळ लावून. मूल रडेल, रडू दे. हळद, चुना, तिखट, तेल, कॉफी काहीही लावायचं नाही, घट्ट पट्टी बांधायची नाही. मग त्याच दिवशी दवाखाना. रेबीजची लक्षणं एकदा दिसू लागली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही, पण वेळेत घेतलेली लस तो टाळते. सरकारी आणि महापालिकेच्या रुग्णालयांत लस मिळते. रक्त आलं असेल तर लशीसोबत जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही, म्हणजे रेबीजशी लढणाऱ्या तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शनही, द्यावं लागतं, ते डॉक्टर ठरवतील. पुढचे डोस दिलेल्या तारखांनाच पूर्ण करायचे. "आता बरं वाटतंय" म्हणून मधेच सोडायचे नाहीत.

रक्त न येता नुसता ओरखडा उठला तरी डॉक्टरांना दाखवायचं. मांजर आणि माकड यांनाही हाच नियम. धड कातडीवर कुत्र्याने चाटलं तर धुतलं की पुरतं. खरचटलेल्या जागी, डोळ्यात किंवा तोंडात लाळ गेली, तर मात्र चावल्यासारखंच धरायचं.

आणखी एक. मूल बोलायला लागलं असेल तर "तूच त्रास दिला असशील" असं कधीही म्हणू नका. रागावलेलं मूल पुढच्या वेळी ओरखडा लपवतं.

घरात आधीपासून कुत्रा आहे, आता बाळ येतंय. आजी म्हणतात कुत्रा देऊन टाका.

आजींची काळजी खरी आहे, उपाय टोकाचा आहे. कुत्र्याची लस, जंताचं औषध वेळेवर असू दे. बाळ दवाखान्यातून घरी यायच्या आधी त्याचं दुपटं आणून कुत्र्याला हुंगू द्या. आल्यावर बाळाला कुत्र्यासमोर खाली धरून दाखवायची घाई नको. आणि काहीही झालं तरी दोघांना एका खोलीत एकटं सोडायचं नाही, अगदी दूध आणायला दारापर्यंत जायचं असलं तरी.

ॲलर्जीबद्दल सगळे घाबरवतात. स्वीडनमध्ये लाखो मुलांच्या नोंदींवरून केलेला एक अभ्यास २०१५ साली आला. त्यात पहिल्या वर्षी घरात कुत्रा असलेल्या मुलांना शाळेच्या वयात दमा थोडा कमीच आढळला. म्हणून दम्यासाठी कुत्रा पाळा असं नाही. मुलाला आधीच शिंका, श्वासाचा त्रास असेल तर आपल्या डॉक्टरांचं ऐका.

मांजर असेल आणि तुम्ही गरोदर असाल, तर तिच्या मातीचा डबा नवऱ्याने साफ करायचा. हा मात्र नियमच.

माझी मुलगी आधी कुत्र्यांकडे धावायची, आता दीड वर्षाची झाल्यावर किंचाळते.

या वयात हे होतं, बहुतेकदा काही न घडताही. जबरदस्तीने जवळ नेऊ नका, हसूही नका. उचलून घ्या, "मोठा आवाज आला ना?" म्हणा, आणि ती जिथून शांतपणे बघू शकते तेवढ्या अंतरावर उभ्या राहा. आज रस्त्याच्या पलीकडून, महिन्याभराने अलीकडून.

यात आपला हात किती असतो ते मी स्वतःवरून शिकले. बरीच वर्षं झाली. एक मुलगा जेवताना फार पळायचा. मी एकदा दमून म्हटलं, "पटकन खा, नाहीतर भूभू येईल हं." घास गेला. दुसऱ्या दिवशीही तेच म्हटलं, तिसऱ्याही. पंधरा दिवसांत तो खाली सोसायटीच्या फाटकातून आत यायला तयार होईना, तिथे एक म्हातारी कुत्री बसायची. त्याच्या आईने विचारलं तेव्हा मला घाम फुटला. ते निस्तरायला मला जवळपास वर्ष लागलं. तेव्हापासून आमच्या घरात बागुलबुवाच्या जागी कुठलाच प्राणी बसवत नाही. एक घास काऊचा, एक घास चिऊचा, ते चालतं. तिथे काऊ पाहुणा असतो.

मुंग्या चिरडतो, मांजरीची शेपटी ओढतो. क्रूर आहे का?

दोन वर्षांचा आहे. दाबलं की काय होतं ते बघतोय. हात धरा, "माऊला दुखतं, अलगद" म्हणा, आणि लगेच दुसरं काम द्या: मुंगीपुढे साखरेचे चार दाणे ठेवायचे आणि ती कुठे नेते ते बघायचं. आमच्या गॅलरीत मुंग्यांची रांग कुंडीपासून न्हाणीघरापर्यंत जाते. तीन मुलं पालथी पडून त्यांच्यामागे सरकत जातात, मध्ये कोणी पाय ठेवला की ओरडतात.

गॅलरीत कबुतरांना दाणे टाकतो, मुलाला आवडतं.

बंद करा. कबुतरांच्या वाळलेल्या विष्ठेची धूळ श्वासात जाऊन फुप्फुसांचे आजार होतात, आणि लहान मुलं जमिनीलगतच असतात. त्यापेक्षा उन्हाळ्यात एक पसरट मातीचं भांडं पाणी भरून ठेवा. बुलबुल येतो, साळुंकी येते, आंघोळी करतात. पाणी रोज बदला, नाहीतर डास होतील.

पोपट किंवा छोटं कासव आणावं म्हणतोय.

पोपट नको. आपला देशी पोपट पाळणं वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ प्रमाणे गुन्हा आहे, पाठीवर चांदण्यांची नक्षी असलेलं कासवही तसंच. दुकानातली छोटी विदेशी कासवं गोंडस दिसतात, पण त्यांच्या अंगावर साल्मोनेलाचे जंतू असू शकतात, आणि पाच वर्षांच्या आतल्या मुलांना त्याचा त्रास जास्त होतो. शिवाय ते कासव पुढे ताटाएवढं होतं आणि मग लोक ते तलावात सोडतात.

मोबाइलवर प्राण्यांचे छान व्हिडिओ असतात. ते चालतील?

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली सांगितलंय: दोन वर्षांच्या आत स्क्रीन नकोच, दोन ते चार वर्षांत दिवसाला एका तासाहून जास्त नाही, कमी तेवढं चांगलं. गावी काकांच्या गोठ्यातली म्हैस व्हिडिओ कॉलवर दाखवली, काका हाक मारतायत, मूल उत्तर देतंय, तर मी ते स्क्रीनमध्ये धरत नाही.

फार्मवर ससे, कोंबड्या हाताळायला मिळतात तिथे नेऊ?

मी एकदा पाळणाघराची सहल अशाच एका जागी नेली होती. वीस मुलं, चार ससे. सशांना एकाच्या मांडीवरून दुसऱ्याच्या मांडीवर देत होते, ते थरथरत होते. एकाने घाबरून पाय झाडले आणि एका मुलीच्या हातावर लांब ओरखडा उठला. हात धुवायला गेलो तर नळाला पाणी नाही. चूक माझीही होती, आधी जाऊन बघायला हवं होतं. आता मी तीनच गोष्टी विचारते: नळ आणि साबण कुठे आहे, प्राण्यांना लपायला जागा आहे का, आणि खाण्याची जागा वेगळी आहे का. साबणाने हात धुणं सॅनिटायझरवर भागवू नका, मातीने भरलेल्या हातांवर ते नीट चालत नाही.

त्यापेक्षा देवळाबाहेर गाय घेऊन बसलेल्या बाईंकडून चाऱ्याची पेंडी घ्या. मुलाला कडेवर घेऊन, चारा लांब धरून. गायीची जीभ बाहेर येते, खरखरीत, राखाडी, आणि ती नाकपुडीतही घालते! एवढं बघून मूल गार होतं. वसुबारसेला वासरू दिसलं तर सोन्याहून पिवळं.

पावसाळ्यात घरात कोंडून पडतो. काय करायचं?

पावसाळा तर सुगी आहे. जिन्यात गोगलगाय, भिंतीवर पैसा, म्हणजे तो बोट लावलं की नाण्यासारखा गोल होणारा किडा, मातीत गांडूळ. गोगलगाय बघायची, हातात घ्यायची नाही, काहींच्या अंगात परजीवी असतात. केसाळ सुरवंटापासून लांब, अंगाला खाज सुटते. आणि साठलेल्या पाण्यात अनवाणी पाय अजिबात नाहीत. उंदीर-घुशींच्या मूत्रातून लेप्टोस्पायरोसिस होतो, आपल्याकडे दर पावसाळ्यात होतो. साप दिसला तर मारायला धावू नका, मुलाला घेऊन मागे सरा आणि वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा.

घरातल्या घरात, काही न पाळता, एखादा प्राणी रोज दाखवता येईल का?

कढीपत्त्याची कुंडी ठेवा. माझ्या यादीतलं हे सगळ्यांत आवडतं उत्तर आहे.

कढीपत्त्यावर किंवा लिंबाच्या रोपावर फुलपाखरं अंडी घालतात, बहुतेकदा लाइम किंवा कॉमन मॉर्मन. कोवळ्या पानावर मोहरीहून लहान, फिकट पिवळा मणी दिसतो. तीन-चार दिवसांत त्यातून अळी येते. आधी ती तपकिरी-पांढरी, हुबेहूब पाखराच्या शिटेसारखी, म्हणून पक्षी तिला सोडून देतात. आठवड्याभराने कात टाकून हिरवीगार होते आणि फोडणीसाठी पान उरत नाही इतकी खाते. कान देऊन ऐकलं तर कुरतडल्याचा बारीक आवाजही येतो, मुलं ऐकतात. बोटाने डिवचलं तर डोक्यामागून लालसर शिंगं बाहेर काढते आणि उग्र वास सोडते. मुलांना हे इतकं आवडतं की दिवसातून एकदाच, असा मला नियम करावा लागला.

एक दिवस ती खाणं थांबवते, काडीला कंबरेभोवती रेशमाचा धागा बांधून तिरकी टेकून बसते आणि कोश होते. आठ-दहा दिवस काहीच घडत नाही. या दिवसांत मुलं रोज सकाळी आल्या आल्या चपला न काढता गॅलरीत जातात. मग कोश काळपट होतो, आतले पंख दिसू लागतात, आणि बहुधा सकाळीच तो फुटतो. बाहेर येतं ते फुलपाखरू वाटतच नाही, चुरगळलेला ओला कागद वाटतो. तासाभरात पंख ताठ होतात. गेल्या श्रावणात ते उडालं तेव्हा आठ मुलं गॅलरीच्या जाळीला नाक लावून उभी होती, आणि सगळ्यांत धाकटा रिकाम्या कोशाकडे बोट दाखवून म्हणत होता, "अळी कुठे?"

अळ्या दिसल्या की आधी एक फांदी त्यांच्यासाठी सोडा, मग तुमची फोडणी. औषध फवारू नका.

मेलेलं पाखरू दिसलं, किंवा बाजारात मासे बघून काही विचारलं, तर खरं सांगायचं का?

सांगायचं, थोडक्यात. "चिऊ मेली. आता उडणार नाही." "झोपली" म्हणू नका, मग मूल स्वतः झोपायला घाबरतं.

मासळी बाजार तर मी मुद्दाम दाखवते. तिथे कल्ले, खवले, डोळे अगदी नाकासमोर असतात, दोरीने नांग्या बांधलेली चिंबोरी असते, आणि कोळीणमावशी हौसेने बोंबलाचं तोंड उघडून दात दाखवतात. मागे एक अडीच वर्षांची मुलगी आईबरोबर बाजारातून पापलेट घेऊन आली. दुपारी ताटात तुकडा बघून तिने विचारलं, "हा तोच?" आईने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, हो, तोच. ती बराच वेळ ताटाकडे बघत राहिली. मग "डोळा आईला" म्हणाली आणि उरलेला सगळा खाल्ला.